गुऱ्हाळ पेटण्याआधी: प्रत्येक आदणाला नंबर द्या

परतीचा पाऊस ओसरला की कोल्हापूरच्या करवीर, पन्हाळा, कागल भागात काहिली (रस आटवायच्या मोठ्या कढया) घासून निघतील, चुलवाणाची (भट्टीची) डागडुजी होईल, चरकाला ग्रीस लागेल. त्याच गडबडीत आणखी एक काम उरकून घ्या. जाड पुठ्ठ्याची एक वही आणा आणि यंदा पहिल्या आदणापासून (एका काहिलीत एका वेळी शिजणारा रस म्हणजे एक आदण) प्रत्येक आदणाला नंबर पडणार, हे घरात आणि गुळव्याशी, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याशी, बोलून पक्कं करा.

गूळ मार्केट यार्डात उतरला, सौदा झाला, की त्यावर आपलं नाव राहत नाही. तिथून तो गुजरातच्या शीतगृहात जातो की आणखी कुठं, ते आपल्याला कळत नाही आणि खाणाऱ्याला आपण कळत नाही. मागं एकदा काही रवे (गुळाच्या ढेपा) काळे पडले म्हणून आमच्या नावावर परत आले. ते आमचेच होते की शेजारच्या कलमातले (सौद्याच्या ढिगातले), हे आम्हालाही सांगता आलं नाही आणि पाठवणाऱ्यालाही नाही. पट्टीतले, म्हणजे अडत्याच्या विक्रीच्या हिशेबातले, पैसे तेवढे कापले गेले. हातात आदणाचा नंबर असता, तर निदान खरं काय ते कळलं असतं.

नंबर सोपा ठेवा. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, शेवटी त्या दिवसाचं कितवं आदण. म्हणजे १२ नोव्हेंबर २०२६ चं तिसरं आदण २६१११२-०३. तारीख याच क्रमानं लिहायची, कारण जगभरच्या बारकोडात ती तशीच लिहितात. उद्या मोठ्या खरेदीदारानं मागितली तर वही नव्यानं लिहावी लागत नाही. माल बांधताना हा नंबर इंग्रजी अंकांत टाका. बारकोडाच्या लॉट नंबरात (एका खेपेच्या मालाच्या नंबरात) देवनागरी अंक चालत नाहीत आणि त्यात वीसपर्यंतच अक्षरं बसतात. शाई गुळाला लागू देऊ नका, चिठ्ठी बांधणीवर बाहेरून लावा.

नंबरासमोर काय लिहायचं? कोणाचा ऊस, गट नंबर, जात (को ८६०३२ की को ९२००५), तोडणीची तारीख, उसाचं वजन, रस साफ करायला भेंडी आणि चुना किती घातला, गूळ किती निघाला. दोन शेतांचा रस एका काहिलीत पडला तर आदण एकच, पण गट नंबर दोन्ही लिहा. प्रयोगशाळेत नमुना देताना त्यावर आदणाचा नंबर हवाच. गुळात गंधकाचा (सल्फर डायऑक्साइडचा) अंश दहा लाख भागांत ७० च्या वर नसावा, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. अहवाल चांगला आला, पण तो कुठल्या आदणाचा हेच माहीत नसेल, तर त्याच्या जोरावर एक रवाही विकता येत नाही.

यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती वजनाची जोडी. टनभर उसातून साधारण १०० ते १२० किलो गूळ निघतो, जात आणि पक्वतेनुसार थोडा इकडंतिकडं. दोन टन उसातून कोणी चारशे किलो गूळ दाखवत असेल, तर त्यात साखर आहे. आपल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, ही आपली जुनी तक्रार. आपलाच गूळ खरा, हे दाखवायचं तर ऊस आत किती आला आणि गूळ बाहेर किती गेला, हे आदणागणिक मांडता आलं पाहिजे. बॉक्सवरच्या चित्रानं ते सिद्ध होत नाही.

एका लॉटच्या नंबराची किंमत २०११ मध्ये युरोपनं पाहिली. जर्मनीत ई-कोलायची मोठी साथ आली, आधी स्पेनच्या काकडीवर बोट ठेवलं गेलं आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल फेकला गेला. पुढं माग काढत गेल्यावर संशय येऊन थांबला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्याच्या एका लॉटवर. काकडीवाल्यांचं नुकसान तोवर होऊन गेलं होतं. आपल्याकडंही निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडानं (शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं) २००६ पासून ग्रेपनेट ही प्लॉटपासून माग काढायची नोंदणी सुरू केली. तासगावच्या बागायतदाराला प्लॉटची नोंदणी आता शिकवावी लागत नाही.

किलो-पाच किलोचे बॉक्स स्वतःच्या नावानं विकत असाल, तर पुढची पायरी बारकोडची. हे नंबर जीएस-वन इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून आपल्या किंवा शेतकरी कंपनीच्या नावावरच घ्या. छपाईवाल्याकडं स्वस्तात मिळणारे नंबर दुसऱ्या कोणाचे असू शकतात. किलोच्या आणि पाच किलोच्या बॉक्सला नंबर वेगळा लागतो. सुरुवातीचं ८९० म्हणजे ‘भारतात बनलेलं’ असं बरेच जण समजतात. त्याचा अर्थ एवढाच, की नंबर भारतातल्या संस्थेतून मिळाला. शिवाय नुसत्या बारकोडातून आदण कळत नाही, लॉट नंबर वेगळा छापावाच लागतो.

मोठ्या साखळीत याच नोंदी ईपीसीआयएस नावाच्या सामाईक पद्धतीनं एका संगणकातून दुसऱ्यात जातात. नाव अवघड आहे, गाभा आपल्या वहीतलाच: काय, कुठं, केव्हा, कशासाठी. उसाचा गूळ झाला ही एक नोंद, रवे बॉक्समध्ये भरले ही दुसरी, अडत्याला दिले ही तिसरी. २०२२ च्या आवृत्तीत शीतगृहाचं तापमानही जोडता येतं. प्रत्येकानं आपापलं ॲप काढून उपयोग नाही. अडत्या, शीतगृह आणि दुकान यांना एकच भाषा वाचता आली, तरच माग लागतो. यार्डात रवे विकणाऱ्यानं सध्या याच्या खर्चात पडू नये, वही आणि चिठ्ठी पुरे.

जानेवारीत एकदा परीक्षा घ्या. विकलेल्या मालाची कुठलीही एक पट्टी काढा आणि तासाभरात तिच्यावरून आदण, आदणावरून गट नंबर सापडतो का बघा. बहुतेक वेळा धागा तुटतो तो बांधणीपाशी. पट्टीवर आदणाचा नंबर लिहायला अडत्याला आत्ताच सांगून ठेवा.

वही चुलवाणापासून लांब, कोरड्या फळीवर ठेवा. रात्रपाळीला कोण लिहिणार ते नावानिशी ठरवा. आणि हंगाम संपला म्हणून ती टाकू नका. शीतगृहातला गूळ पुढच्या गळीतापर्यंतही विकला जातो, तोवर ती हाताशी लागेल.