बाळ का गेलं, त्याचा कोड कसा लावायचा

धडगाव, अक्कलकुव्याच्या पीएचसीत किंवा जळगाव-धुळ्याला सिव्हिलमध्ये जे रजिस्टर भरतात त्यांच्यासाठी लिहितोय. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-पीएम पद्धत, म्हणजे जन्माच्या आसपास गेलेल्या बाळांची कारणं कोडमध्ये नोंदवायची पद्धत, २०१६ ला आली, तिच्यानुसार सांगतो.

कारण नंतर बघा, आधी वेळ ठरवा. कळांच्या आधी गेलं तर ए, कळांमध्ये गेलं तर आय, जन्मल्यावर गेलं तर एन. इथेच सगळा घोळ होतो, कारण अ‍ॅडमिट करताना बाळाचे ठोके ऐकलेत की नाही हेच कोणी लिहीत नाही, मग बाळाची कातडी सोललेली आहे का यावरून अंदाज बांधत बसायचं, आणि तो चुकू शकतो. घरी बाळंतपण झालं असेल तर आईला अहिराणी-पावरीत नीट विचारा, बाळ रडलं का, हललं का, श्वास घेतला का. एकदा जरी घेतला असेल तर तो उपजत मृत्यू (बाळ मेलेलंच जन्मणं) नाही. देशादेशांची तुलना करताना उपजत मृत्यू २८ आठवड्यांपासून पुढचेच धरतात.

मग बाळाचं मुख्य कारण आणि त्याला जोडून आईचं, दोन्ही लागतात. समजा आईला बीपी, येताना ठोके होते, कळांमध्ये गुदमरून गेलं, तर आय३ (कळांमध्ये अचानक गुदमरणं) आणि एम४ (आईचे आजार). आपल्याकडचा सिकलसेल हा रक्ताचा आजारही एम४ मध्येच जातो. आईला काहीच नसेल तर एम५ लिहा, रकाना रिकामा ठेवू नका राव.