डबा, बादली आणि वाफसा : घरच्या घरी भाजीपाला पिकवण्याची रीत

घरी भाजीपाला लावायचा म्हटले की पहिला प्रश्न जागेचा निघतो आणि दुसरा कुंड्यांचा. रोपे मात्र बहुतेक वेळा या दोन्हींमुळे नव्हे, तर मुळांचा श्वास कोंडल्यामुळे मरतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा एकाच वेळी नांदत असण्याची अवस्था, ती डब्यात साधता आली, की तेलाचा रिकामा डबा, तडा गेलेली बादली किंवा धान्याचे जुने पोते यांत आणि महागड्या कुंडीत पिकाच्या दृष्टीने काहीही फरक उरत नाही. म्हणून या लेखात प्रत्येक युक्ती वाफशाशी जोडूनच सांगितली आहे.

चांगल्या मातीच्या आकारमानाचा साधारण निम्मा भाग घन कणांचा असतो आणि उरलेल्या निम्म्यात पाणी व हवा जवळजवळ समसमान असतात. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट मंद गतीने पसरतो. त्यामुळे पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की भरपूर पाण्यात उभे असलेले रोपही कोमेजते. पहिल्या वर्षी मी लावलेली टोमॅटोची सहाही रोपे अशीच गेली. पाने पिवळी पडून माना टाकू लागली तेव्हा तहानेचे लक्षण समजून मी पाणी वाढवत गेले, आणि शेवटी एक रोप उपटून पाहिले तर पांढरी असायला हवीत ती मुळे तपकिरी झाली होती, चिमटीत धरून ओढताच वरची साल सुटून आत दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरत होता आणि डब्याच्या तळातून कुजट वास येत होता. तेव्हापासून पाणी घालण्याआधी माती तपासण्याचा नेम मी कधी मोडलेला नाही.

तपासणी सोपी आहे. दोन पेरांइतके बोट मातीत खुपसून थोडी माती बाहेर काढावी आणि मुठीत दाबावी. गोळा झाला आणि अंगठ्याने हलकेच टोचताच तो फुटला, तर वाफसा आहे, पाण्याची गरज नाही. दाबताना बोटांमधून पाणी निघाले तर दोन-तीन दिवस थांबावे, आणि गोळाच झाला नाही तर तळातून पाणी झिरपेपर्यंत सावकाश पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्याने वरचा थर तेवढा ओला होतो, मुळे वरच राहतात आणि कडक उन्हाच्या एका दिवसात रोप कोलमडते.

आता भांडी. पालेभाज्यांना 15 सेंटीमीटर खोली पुरते, मिरचीला 10 लिटरच्या आसपासचे भांडे चालते, टोमॅटोला मात्र 20 लिटरपेक्षा लहान भांडे देऊ नये. गाजरासाठी 30 सेंटीमीटर खोल आणि खडे वेचलेली भुसभुशीत माती हवी. भांड्यात पूर्वी काय होते हे ठाऊक नसेल, तर त्यात खाण्याचे पीक घेऊ नये. रंग, कीटकनाशक, इंजिन ऑइल यांचे डबे कितीही धुतले तरी बाद समजावेत, आणि जुने टायरही मी टाळते, कारण त्यांच्या रबरात जस्त आणि इतर घातक संयुगे असतात. लाकडी पॅलेटच्या फळ्या वापरायच्या असतील, तर त्यांवरचा शिक्का वाचावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले लाकूड, ते चालते, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घेऊ नये. गॅलरीत किंवा गच्चीवर भांडी ठेवणाऱ्यांनी वजनाचा हिशेब आधीच करावा. निव्वळ मातीने भरलेली 20 लिटरची बादली भिजल्यावर 30 किलोच्या वर सहज जाते. तेव्हा जड भांडी कठड्याला टांगू नयेत आणि गॅलरीच्या मध्यावर गर्दी करण्याऐवजी भिंतीलगत, खाली आधार असलेल्या बाजूला मांडावीत.

तळाला सुमारे 8 ते 10 मिलिमीटर व्यासाची पाच-सहा भोके पाडावीत. फरशीवर टेकलेल्या भांड्याची तळाची भोके बंद होतात, म्हणून तळापासून बोटभर उंचीवर बाजूलाही दोन भोके असावीत किंवा भांडे विटांच्या तुकड्यांवर ठेवावे. इथे एक जुना समज खोडून काढणे मला आवश्यक वाटते. निचरा चांगला व्हावा म्हणून तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा जाड थर घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या सीमेवर अडून राहते, आणि तळाशी राहणारा चिकचिकाट उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकांवर जाळीचा एक तुकडा किंवा एखादे सुके पान ठेवावे, म्हणजे माती वाहून जात नाही, आणि बाकी सगळी खोली मातीलाच द्यावी.

भरण्यासाठी बागेतली माती, पूर्ण कुजलेले कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचे समभाग मिश्रण बहुतेक पिकांना मानवते. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते भिजवून, पिळून, पाणी बदलत दोनदा धुवावे. त्याचा वरचा थर लवकर सुकतो आणि आत मात्र ओल टिकून असते, त्यामुळे नुसते वरून पाहून पाणी घालणाऱ्याची हमखास फसगत होते.

कंपोस्ट घरीच करता येते आणि ते करायलाच हवे, कारण बाहेरून आणलेल्या खतात काय आहे याची खात्री नसते. झाकण असलेल्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोके पाडावीत, खाली सुक्या काटक्या अंथराव्यात आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट आकारमानाचा सुका पालापाचोळा किंवा फाडलेला पुठ्ठा पसरावा. कुजवणाऱ्या जीवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) 25 ते 30 पट कर्ब (कार्बन) लागतो. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि सुक्या पानांत कर्ब जास्त, म्हणून हे प्रमाण. वास येऊ लागला तर हवा किंवा सुका भाग कमी पडला आहे असे समजून काठीने हलवावे आणि पाला वाढवावा. बादलीएवढ्या लहान ढिगात पुरेशी उष्णता तयार होत नाही, त्यामुळे कचऱ्यातल्या बिया मरत नाहीत आणि पुढे कुंडीत भलतीच रोपे उगवतात; ती उपटून टाकावीत. खत तयार झाले का हे ओळखण्यासाठी मूठभर खत पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवावे. उघडल्यावर पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर वापरावे, आंबूस आला तर अजून थांबावे, कारण अर्धवट कुजलेले खत कुंडीतच कुजत राहते आणि मुळांच्या वाट्याचा प्राणवायू व नत्र खाऊन टाकते.

ज्यांना रोज लक्ष देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी दोन बादल्यांची कुंडी ही मला सर्वांत उपयोगी वाटणारी युक्ती आहे, कारण ती वाफसा स्वतःच राखते. एकाच मापाच्या दोन बादल्या घ्याव्यात. बाहेरच्या बादलीत उपडे ठेवलेले तीन लहान डबे मांडावेत आणि त्यांवर आतली बादली बसवावी, म्हणजे दोन तळांमध्ये 6 ते 8 सेंटीमीटरची पोकळी राहते. हाच पाण्याचा साठा. आतल्या बादलीच्या तळाला मध्यभागी एक मोठे भोक कापून त्यात प्लास्टिकचा पेला असा बसवावा, की त्याची कड भोकावर अडकेल आणि पेला खालच्या साठ्यात लोंबेल. पेल्याच्या बाजूंना आणि बुडाला भरपूर भोके पाडून तो कोकोपीट-कंपोस्टच्या मिश्रणाने दाबून भरावा, कारण याच पेल्यातून पाणी वर चढणार असते. तळाच्या उरलेल्या भागावर हवेसाठी बारीक भोके पाडावीत आणि कडेच्या एका भोकातून दोन-अडीच सेंटीमीटर व्यासाची नळी खालपर्यंत सोडावी. नळीचे खालचे टोक तिरके कापावे. सरळ कापले तर ते बुडाला चिकटून बसते आणि पाणी उतरत नाही.

या रचनेतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग म्हणजे बाहेरच्या बादलीला आतल्या तळाच्या एक सेंटीमीटर खाली पाडलेले भोक. जादा पाणी तिथून वाहून जाते, पाणी आणि माती यांच्यामध्ये हवेची फट राहते आणि मुसळधार पावसातही मुळे बुडत नाहीत. हे भोक विसरले तर बाकी सगळे कष्ट वाया गेले म्हणून समजावे. यात जड माती वापरू नये, ती तळापासून चिखल होऊन बसते; दोन भाग कोकोपीट आणि एक भाग कंपोस्ट पुरे. पहिल्या वेळी पाणी वरून भरपूर घालावे, म्हणजे पेल्यापासून वरपर्यंत ओलीची साखळी जुळते. पुढे नळीतूनच द्यावे. नळीच्या तोंडाला जाळी बांधावी आणि बाजूच्या भोकालाही चिकटवावी, कारण उघड्या साठ्यात आठवडा-दीड आठवड्यात डासांची पिढी तयार होते. पाणी सतत खालून वर चढत असल्याने क्षार पृष्ठभागावर साठतात, म्हणून महिन्या-दीड महिन्याने एकदा वरून पाणी ओतून ते धुऊन काढावेत.

पेरणीसाठी जुने बी वापरण्याआधी त्याची उगवण पाहावी: दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात आणि सहा-सातपेक्षा कमी उगवल्या तर बी दाट पेरावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट खोल जावे, त्याहून खोल नाही. कोथिंबिरीसाठी आणलेला प्रत्येक धणा म्हणजे दोन बिया असलेले फळ असते. तो पोळपाटावर हलक्या हाताने रगडून दुभंगावा, आणि उगवायला एक ते दोन आठवडे लागतात म्हणून निराश होऊन माती उकरू नये. मेथी दोन-चार दिवसांतच वर येते, म्हणून नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करावी. पुदिन्याची काडी पेराखाली कापून पाण्यात ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळे फुटतात. टोमॅटोचे रोप लावताना खालची पाने काढून खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडावे, कारण त्या खोडालाही मुळे फुटतात. फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. तेवढे नसेल तर हट्ट न धरता पालेभाज्या लावाव्यात, त्यांचे तीन-चार तासांतही भागते.

फुले येऊनही फळ धरत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात. वारा लागत नसेल तर दुपारच्या आधी फुलांचा देठ बोटाने हलकेच टिचकावा म्हणजे पराग झडतात. दिवसाचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या वर गेले की फुले गळतात आणि त्यावर सावलीची जाळी बांधून वाट पाहण्याखेरीज इलाज नाही. काकडी, दोडका, भोपळा यांना नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलामागे इवलेसे फळ आधीच दिसते. उमललेले नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवले की काम झाले.

टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडले, तर अंड्याची टरफले घालण्याची घाई करू नये. तो कॅल्शियमच्या कमतरतेचा परिणाम असला तरी बहुधा मातीत कॅल्शियम असते आणि पाणी कधी कमी, कधी जास्त झाल्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. टरफले विरघळायला तर फार काळ लागतो. म्हणजे पुन्हा वाफसाच. केळीच्या सालींच्या पाण्याबद्दलही हेच म्हणावे लागेल: त्यात थोडे पालाश (पोटॅशियम) उतरते, नत्र जवळजवळ नसते, म्हणून त्याला पूर्ण खत मानू नये. दर दोन-तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळणे अधिक भरवशाचे आहे.

मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यावर एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. साबण किडीच्या अंगाला लागला तरच मारतो, नंतर त्याचा प्रभाव राहत नाही, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा फवारावे लागते. कपड्यांची पावडर वापरू नये, पाने करपतात. आणि कोणतीही फवारणी आधी एका पानावर करून एक दिवस पाहावी.

पीक संपल्यावर माती फेकू नये. जाड मुळे काढून ती उन्हात पसरावी, तिच्यात एक तृतीयांश नवे कंपोस्ट मिसळावे आणि पुढचे पीक वेगळ्या कुळातले घ्यावे. टोमॅटो, मिरची, वांगे आणि बटाटा हे एकाच कुळातले असल्याने एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, तेव्हा त्यांच्या जागी मेथी, चवळी किंवा घेवडा लावावा. रोगाने मेलेल्या रोपाची माती असेल, तर ती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली भर उन्हात चार ते सहा आठवडे झाकून ठेवावी आणि मगच पुन्हा भांड्यात भरावी.