नॅनोतंत्रज्ञानाचे फायदे-तोटे तोलताना या चुका टाळा

वादविवाद स्पर्धा असो की बी.एस्सी.ची तोंडी परीक्षा, परीक्षक म्हणून बसले की ‘नॅनोतंत्रज्ञान : शाप की वरदान’ हा विषय हमखास समोर येतो. (नॅनो म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या मापात मोजावे इतके बारीक कण.) मुलं हुशार असतात, बोलतातही छान, पण चुका वर्षानुवर्षं त्याच. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सगळं नॅनो एकाच पारड्यात टाकणं

मुळातली चूक हीच. ‘नॅनो चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तरच नाही. टायटॅनियम डायऑक्साइड घ्या. सनस्क्रीनमधून त्वचेवर लावायला युरोपात त्याच्या नॅनो स्वरूपाला परवानगी आहे. फवाऱ्यातून श्वासावाटे फुप्फुसात जाण्याची शक्यता असेल, तर नाही. खाण्याचे पदार्थ पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून तोच ई १७१ या नावाने वापरत. त्यातले काही कण नॅनो आकाराचे असतात. त्याने जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये तिथे तो खाद्यपदार्थांत बंद झाला. पदार्थ एकच, पण शरीरात शिरायच्या वाटा तीन, म्हणून निर्णयही तीन.

मी विद्यार्थ्यांना कागदावर आधी चार गोष्टी लिहायला लावते : कोणता पदार्थ, कोणत्या वस्तूत, कोणाच्या संपर्कात, कोणत्या वाटेने. त्या लिहून होईपर्यंत मी पुढचं ऐकत नाही.

आकडेमोड न करता फायदा मान्य करणं

यावर मी सगळ्यात जास्त चिडते. एका प्रकल्पाच्या पोस्टरवर ठळक अक्षरांत होतं : ‘नॅनो युरियाची अर्धा लिटरची एक बाटली = युरियाची एक गोणी’. खाली हिरवंगार शेत. मी विचारलं, ‘बाटलीत नायट्रोजन किती?’ तिघंही गप्प. मग एक जण म्हणाला, ‘मॅडम, कण बारीक असल्यामुळे कमी लागतो.’ किती कमी, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या हातात खडू दिला.

हा नॅनो युरिया, म्हणजे पानांवर फवारायचं द्रव खत, २०२१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यात नायट्रोजन ४ टक्के होता. म्हणजे अर्ध्या लिटरमागे साधारण २० ग्रॅम. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. फरक हजारपटीचा. गोणीतला बराच नायट्रोजन पाण्याबरोबर वाहून जातो, हवेत उडतो, हे अगदी खरं. पण बाटलीतला कणन् कण पानाने शोषला असं धरलं, तरी २० ग्रॅमच. गव्हाच्या दाण्यात सुमारे २ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक किलो गव्हात असतो तेवढाच. फळ्यावर हा आकडा आल्यावर वर्गात कोणी काही बोलेना.

नायट्रोजन कमी वापरायला हवा, यात वाद नाही. विहिरींत उतरणारा नायट्रेट, जमिनीतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड, सरकारवरचा अनुदानाचा बोजा, ही दुखणी खरी आहेत. पण लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने शेतात चाचण्या घेतल्या, तेव्हा शिफारशीतला नायट्रोजन कमी करून नॅनो युरिया फवारल्यावर भाताचं आणि गव्हाचं उत्पादन घटलं. इथे समाजाचा प्रश्न सुरू होतो, आणि तो एकाही पोस्टरवर नसतो. गोणी कमी खपली की अनुदान वाचतं सरकारचं. पीक घटलं तर नुकसान शेतकऱ्याचं. फायदा एकाच्या खात्यात आणि धोका दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर दोन्ही खाती नावानिशी लिहा. ‘समाजाला फायदा’ एवढं लिहून सुटका करून घेऊ नका.

धोका फक्त परदेशात शोधणं

एका प्रयोगशाळेत मुलांनी झिंक ऑक्साइडचे नॅनो कण स्वतः बनवले होते. भट्टीत भाजलेली ती पांढरी पूड खलात घोटून बटर पेपरवर तोलणं चाललं होतं. डोक्यावर पंखा पूर्ण वेगात, काट्यावरचा शेवटचा आकडा थरथरतोय, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात पूड तरंगताना दिसतेय. तोंडाला रुमालही नाही. आणि अहवालात ‘धोके’ या प्रकरणात कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांवर) दोन पानं!

नॅनोट्यूबचा मुद्दा खोटा नाही. एडिनबरोच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की लांब, सरळ ट्यूब उंदरांच्या पोटातल्या आवरणात ॲस्बेस्टॉससारखीच इजा करतात. आखूड, गुंतलेल्या ट्यूब तसं करत नाहीत. पण मजबुतीसाठी खेळाच्या रॅकेटमध्ये घातलेली ट्यूब तिथल्या राळेत (रेझिनमध्ये) पक्की बसली की खेळणाऱ्याला फारसं भय नसतं. धोका असतो कोरडी पूड ओतणाऱ्या, घासणाऱ्या, झाडून काढणाऱ्या कामगाराला. झिंकचंही तेच : गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे झिंकचा मुलामा दिलेला, पत्रा वेल्ड करणाऱ्याला संध्याकाळी भरणारी थंडी-ताप ही त्याच्या ऑक्साइडच्या धुराची करणी.

माझा शिरस्ता : पंखा बंद, काम फ्यूम हूडमध्ये (हवा बाहेर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात), एन-९५ मास्क, सांडलं तर ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू नाही. शक्य तोवर कण द्रवातच ठेवायचे. ‘मॅडम, पाचच मिनिटांचं काम आहे’ म्हणणाऱ्याला मी काट्याजवळ उभं राहू देत नाही.

आणखी काही

लेबलवर विश्वास ठेवू नका. २००६ मध्ये जर्मनीत ‘मॅजिक नॅनो’ फवाऱ्याने शंभराच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास झाला. तपासणीत त्यात नॅनो कण सापडलेच नाहीत.

स्वतःची नक्कल करत जग गिळणारे विज्ञानकथांतले नॅनो यंत्रमानव भाषणातून काढून टाका. खऱ्या कामगाराच्या धोक्याबद्दल बोलायची वेळ त्यात जाते.

तुलना शून्याशी करू नका, आज जे वापरात आहे त्याच्याशी करा. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध पाण्यात विरघळत नाही. जुन्या इंजेक्शनातल्या द्रावकाची काहींना जबर ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या नॅनो कणांतून ते देता येऊ लागलं (अमेरिकेत २००५ पासून) आणि तो द्रावकच गेला. इथे फायद्याचं पारडं कशामुळे जड झालं, ते बोट ठेवून दाखवता येतं.

आणि शेवटी ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य. ते उत्तरपत्रिकेत दिसलं की मी गुण कापते. कशावर संशोधन, तो प्रश्न लिहा. चांदीचे नॅनो कण लावलेले मोजे धुतले की चांदी निघून सांडपाण्यात जाते. सांडपाण्याच्या गाळात तिचं बरंचसं सल्फाइड (गंधकाशी संयुग) होतं. तो गाळ खत म्हणून शेतात टाकला, तर दहा वर्षांनी त्या मातीतल्या जिवाणूंचं काय होतं? असा एक प्रश्न नीट मांडलात, तर मी पूर्ण गुण देते.