ब्रेस्टस्ट्रोक पोहायचंय? आधी स्ट्रोक मोजा

अकरा वर्षं मी स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोक पोहलो. पोहण्याचा हा प्रकार काही मी निवडला नव्हता. पावलं बाहेर वळवून किक मारणं मला पहिल्यापासून जमायचं, म्हणून सरांनी त्या लेनमध्ये टाकलं. फ्रीस्टाइलला गर्दी फार. मेडले रिलेत, म्हणजे चौघांनी चार वेगळे प्रकार पोहायच्या शर्यतीत, मात्र दुसऱ्या टप्प्याला ब्रेस्टस्ट्रोकवाला लागतोच, त्यामुळे संघात शिरायला मला तीच वाट सापडली.

पोहण्याच्या चारही प्रकारांमध्ये हा सगळ्यात संथ. टाचा ढुंगणाकडे ओढताना मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि कमावलेला वेग दर किकआधी गळतो. नवी मुलं त्यावर उपाय म्हणून हात भराभर मारतात. मीही मारायचो. एकदा सरांनी २५ मीटरला किती स्ट्रोक, म्हणजे हातपायांची किती आवर्तनं, लागतात ते मोजायला लावलं. तेरा! मग म्हणाले, "किक संपली की हात ताण, डोकं दंडांच्या मध्ये घाल, मनात 'एक' म्हण आणि मगच ओढ." नऊ स्ट्रोकमध्ये पोचलो. वेळ जवळपास तीच, धाप मात्र अर्धी. २०० मीटरला हा हिशेब जीव वाचवतो. ५० मीटरला मात्र तेवढं थांबायला सवड नसते, म्हणून आपलं अंतर कोणतं ते लवकर ओळखा. ऑलिंपिकमध्ये १९६८ ते २०२४ पर्यंत १०० आणि २०० मीटरच होते, २०२८ पासून ५० मीटरही आहे.

नियम पाठ करा, कारण बाद होण्याच्या जागा इथे जास्त. सुरुवातीला आणि टर्ननंतर, म्हणजे भिंतीशी वळल्यावर, पाण्याखाली हातांची एकच ओढ मांड्यांपर्यंत नेता येते, आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकआधी एकच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून वरखाली मारलेली). टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकदम टेकायला हवेत. एका शर्यतीत माझा उजवा हात आधी टेकला. हीटमध्ये पहिला आलो होतो, निकालात नावापुढे वेळच नव्हती. चूक माझीच.

भिंतीचा अंदाज हा तर वेगळा विषय. १०० मीटरचा ५६.८८ सेकंदांचा जागतिक विक्रम ज्याच्या नावावर, तो ॲडम पीटी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ०.०२ सेकंदांनी सुवर्ण हुकला. सुवर्ण जिंकणारा इटलीचा मार्टिनेंघी ५९.०३, पीटी ५९.०५. म्हणून शेवटचे पाच मीटर वेगळे काढून घोटा. अर्धा स्ट्रोक उरला तर काय करायचं, ते शर्यतीत ठरवता येत नाही.

आता गुडघा. या किकचा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर, म्हणजे लिगामेंटवर येतो. गुडघे फार फाकवू नका, आणि वॉर्मअप न करता जोरात किक नकोच. मी दुखणं लपवलं, आणि चार महिने किक बंद ठेवावी लागली.

हल्ली मी मुलांना शिकवतो. किकचा सेट संपला की गुडघ्याच्या आत बोट टेकवून विचारतो, "इथे दुखतंय?" सगळे पटकन 'नाही' म्हणतात. मग मी दुसऱ्यांदा विचारतो.