नाट्य-संगीत संग्रहाच्या संकेतस्थळाचा मेनू नव्याने बांधताना

संगीत नाटक, तियात्र (कोंकणी रंगनाट्य), दशावतार, भजन अशा गोव्यातल्या ध्वनिचित्रफितींचा संग्रह काही हजारांवर गेला की जुना मेनू कोलमडतो. तो बहुधा संग्राहकाच्या कपाटासारखा रचलेला असतो: कॅसेट, सीडी, व्हिडिओ. रसिक तसं शोधत नाहीत.

आधी तक्ता करा: दर नोंदीचा वेबपत्ता (यूआरएल), शीर्षक, प्रकार, भाषा, कलाकार, वर्ष, लांबी. शेजारी गेल्या तीन महिन्यांतले शोधशब्द ठेवा; ज्यांना शून्य निकाल आले ते वेगळे काढा. मग 40 नोंदी चिठ्ठ्यांवर लिहून पंधरा जणांना गट पाडायला द्या, पण एकेकट्याला. एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाचा माणूसच सगळं ठरवतो. जत्रेसाठी नाटक शोधणारे मंडळाचे कार्यकर्ते या पंधरांत हवेतच.

वर पाच-सहा प्रकार पुरेत. भाषा, कलाकार, दशक, लांबी हे फिल्टर. 'कोंकणी' मेनूत घातलं की तियात्र दोन जागी जातो. कलाकाराची भूमिकाही वेगळी नोंदवा: जितेंद्र अभिषेकी कुठे गायक, कुठे संगीतकार. दोन्ही एका रकान्यात कोंबलं, तर त्यांचा आवाज ऐकायला आलेल्यापुढे इतरांनी गायलेली पदं येतात. समजा पाच फिल्टर आणि प्रत्येकात दहा पर्याय, म्हणजे एकेकच निवडला तरी लाख पत्ते. शोधयंत्रांना यादीच्या पानांपैकी प्रकार आणि कलाकार एवढीच खुली ठेवा.

खरी मेहनत शोधपेटीवर घ्या. गोव्यात कोंकणी देवनागरीत लिहितात तशी रोमी लिपीतही, म्हणून शीर्षक दोन्ही लिप्यांत साठवा. तियात्र-तिआत्र, केसरबाई-केशरबाई अशा जोड्या समानार्थी यादीत घाला. 'दुसऱ्या'मधला 'ऱ' युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरसंकेतांच्या पद्धतीत) एका संकेताने लिहिता येतो, तसा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळूनही. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. साठवताना आणि शोधतानाही एनएफसी रूप (असे जोडसंकेत एकाच संकेतात आणणारं युनिकोडचं प्रमाण रूप) लावा, नाहीतर समोर असलेली नोंद सापडत नाही.

रंगरूप ठरवण्याआधी नुसती मेनूची झाडरचना देऊन आठ-दहा वस्तू शोधायला सांगा. जिथे लोक दोनदा मागे फिरतात, तिथलं नाव बदला. फोनवर बोट टेकायची जागा 48 पिक्सेल ठेवा आणि ओळींत अंतर सोडा. नाहीतर मात्रा-वेलांट्या कापल्या जातात.

शेवटी जुना प्रत्येक पत्ता 301 ने (पान कायमचं हलवलं असं सांगणाऱ्या संकेताने) त्याच नोंदीच्या नव्या पत्त्यावर वळवा. सगळे मुखपृष्ठावर ढकललेत तर शोधयंत्रं ती पानं हरवली असं धरतात. ही वळणं निदान वर्षभर काढू नका.