विकिपीडियावरील सदस्य पानावर स्वतःची ओळख कशी लिहावी

मराठी विकिपीडियावर खाते उघडल्यानंतर आपले सदस्यनाव लाल अक्षरांत दिसत राहते, कारण त्या नावाचे सदस्य पान अद्याप तयार झालेले नसते. त्या लाल दुव्यावर टिचकी मारली की रिकामी चौकट उघडते आणि तिच्यात काय लिहावे, हा प्रश्न नवख्या संपादकाला लेख लिहिण्यापेक्षाही अवघड वाटतो. हे पान इतर संपादकांच्या उपयोगासाठी असते. कोणत्या लेखासाठी तुम्हाला विचारावे, कोणते संदर्भ तुम्ही तपासून देऊ शकाल आणि कोणत्या विषयात तुमचे संपादन जरा बारकाईने पाहावे, एवढे त्यावरून कळले म्हणजे पुरे. पदव्या, पुरस्कार आणि सत्कार यांची यादी तिथे कोणाच्याही कामी येत नाही.

आवडीचे विषय लिहिताना ते शक्य तितके नेमके लिहावेत. ‘गोव्याचा इतिहास आणि संस्कृती’ असे लिहिणाऱ्याला नक्की काय विचारावे, ते कळत नाही. त्याऐवजी ‘साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले कुर्डी गाव’, ‘पेडण्यातील दशावतार’ किंवा ‘सत्तरीतील रणमाले हे लोकनाट्य’ असे लिहिले, तर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांच्यावरील लेखात त्यांच्या गावाविषयी भर घालू पाहणारा संपादक थेट तुमच्या चर्चापानावर, म्हणजे सदस्य पानाला जोडलेल्या निरोपांच्या पानावर, येईल. विषयापुढे आपल्या हाताशी असलेले साधनही नोंदवावे. पणजीच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. तिथे जाऊन जुनी वृत्तपत्रे आणि ग्रंथ पाहणे ज्याला जमते, त्याने ते अवश्य सांगावे, कारण नागपूरच्या किंवा लातूरच्या संपादकाला तेवढ्यासाठी गोव्यात येणे शक्य नसते.

भाषांची नोंद ‘बॅबेल’ या सोयीने करतात. तीत प्रत्येक भाषेपुढे ० ते ५ यांपैकी पातळी किंवा मातृभाषेची खूण देता येते. गोव्यातील अनेकांची इथेच अडचण होते, कारण घरात कोंकणी आणि वाचन-लेखन मराठीत अशी आपली रीत. अशा वेळी कोंकणी मातृभाषा म्हणून नोंदवून मराठीपुढे ४ किंवा ५ लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि दोन्ही भाषा मातृभाषा म्हणून दाखवल्या तरी कोणी हरकत घेणार नाही. गोव्यातला भाषावाद मात्र सदस्य पानावर आणू नये. पोर्तुगीज वाचता येत असेल तर, पातळी १ असली तरी, ती जरूर नोंदवावी. १९६१ पूर्वीचे बरेचसे सरकारी कागद त्या भाषेत आहेत आणि मराठीत लिहिणारे फार थोडे संपादक ते वाचू शकतात.

हितसंबंध उघड करणे हा भाग बहुतेक जण गाळतात. तुम्ही एखाद्या देवस्थानाचे महाजन (देवळाच्या कारभारात हक्क असलेले सदस्य) असाल, नाट्यमंडळाचे पदाधिकारी असाल किंवा एखाद्या संस्थेत नोकरीला असाल आणि तिच्याविषयीच्या लेखात बदल करणार असाल, तर तसे एका वाक्यात लिहावे. मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याला तर आपला मालक किंवा ग्राहक कोण, हे जाहीर करणे वापराच्या अटींनुसार बंधनकारकच आहे.

दूरध्वनी क्रमांक, घरचा पत्ता आणि मुलांची नावे लिहू नयेत. मजकूर नंतर पुसला तरी पानाच्या इतिहासात जुनी आवृत्ती राहते आणि ती लपवण्यासाठी प्रचालकांना, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना, विनंती करावी लागते. खरे नाव देण्याचीही सक्ती नाही.

मसुदा आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून, ‘झलक पहा’ वापरून तपासावा आणि मगच सदस्य पानावर आणावा. गोव्याच्या कोंकणी विकिपीडियावरही काम करणाऱ्याने मेटा-विकी या सर्व विकिप्रकल्पांच्या सामाईक संकेतस्थळावर एकच सदस्य पान तयार केले, तर ज्या ज्या विकिपीडियावर त्याचे वेगळे सदस्य पान नाही, तिथे तेच आपोआप दिसते. मात्र मराठीतून लिहिलेले पान इंग्रजी विकिपीडियावरही तसेच दिसणार, हे ध्यानात ठेवून त्यात दोन ओळी इंग्रजीतून घालाव्यात. एखाद्या विषयावरचे काम थांबवले असेल तर ती ओळ काढून टाकावी, म्हणजे चर्चापानावर त्याविषयी विचारणा करून कोणी उत्तराची वाट पाहत बसणार नाही.