विभाजनाचं सूत्र पाठ करण्याआधी

गोव्यात, फोंड्यात अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. निर्देशक भूमितीत मुलं अडतात ती बहुतेक विभाजनाच्या सूत्रापाशी, म्हणजे रेषाखंडाला दिलेल्या प्रमाणात विभागणारा बिंदू काढायच्या सूत्रापाशी. डिचोली-सत्तरीकडून येणाऱ्या कितीतरी मुलांची प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून माध्यम इंग्रजी. मग समजेना की घोकायचं, ही सवय लागते. प्रमाणातला कुठला आकडा कुठल्या बिंदूला गुणायचा, हे ऐन पेपरात आठवत नाही.

नव्यानं शिकणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की हे सूत्र म्हणजे भारित सरासरी आहे: प्रत्येक बिंदूच्या निर्देशकाला त्याच्या भारानं गुणायचं आणि बेरजेला एकूण भारानं भागायचं. अ (२, ३) आणि ब (१२, ८) घ्या. प हा बिंदू रेख अब ला अ कडून २:३ या प्रमाणात विभागतो. म्हणजे प हा अ च्या जवळ, म्हणून अ चा भार जास्त: अ ला ३, ब ला २. क्ष निर्देशक (३×२ + २×१२) ÷ ५ = ६; य निर्देशक (३×३ + २×८) ÷ ५ = ५. ताळा करून बघाच: अ पासून प पर्यंत ४ उजवीकडे, २ वर, प पासून ब पर्यंत ६ आणि ३. प्रमाण २:३.

भार उलटे का लागतात? कावडीची एक घागर जड असली, तर खांदा तिच्याकडे सरकवावा लागतो. आर्किमिडीजचा तरफेचा नियम तो हाच. जर्मन गणिती म्योबियसनं १८२७ मध्ये याच कल्पनेवर अख्खा ग्रंथ रचला.

मध्यगासंपातात, म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा मिळतात त्या बिंदूत, तिन्ही शिरोबिंदूंचे भार सारखे. बाह्य विभाजनात, म्हणजे बिंदू रेषाखंडाच्या बाहेर असला की, एक भार ऋण. अंतर्मध्य, म्हणजे तिन्ही कोनदुभाजक मिळतात तो बिंदू, मात्र फार सुंदर आहे: प्रत्येक शिरोबिंदूचा भार त्याच्या समोरच्या बाजूइतका. (०, ०), (४, ०), (०, ३) या त्रिकोणात भार अनुक्रमे ५, ३, ४. क्ष निर्देशक (३×४) ÷ १२, य निर्देशक (४×३) ÷ १२. अंतर्मध्य (१, १), एका ओळीत! कोनदुभाजकांची समीकरणं मांडायची गरजच नाही.

चौकोनाशी मात्र जपून. चार शिरोबिंदूंची सरासरी घेतली, की पुठ्ठ्याच्या चौकोनाचा तोलबिंदू मिळतोच असं नाही. समांतरभुज चौकोनात तो जुळतो. एरवी कर्णावर चौकोनाचे दोन त्रिकोण करा, दोघांचे मध्यगासंपात काढा आणि क्षेत्रफळांचे भार देऊन त्यांची सरासरी घ्या.